‘अपग्रेडने कॉन्फिगरेशन पुसलं’ हे खरं नाही

नाशिकच्या आयटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: ‘बिग-आयपी लोड बॅलन्सर अपग्रेड केल्यावर व्हर्च्युअल सर्व्हर दिसेनासे झाले, तर अपग्रेडने कॉन्फिगरेशन पुसलं समजा. डिफॉल्ट लोड करून सगळं हाताने भरा, नाहीतर जोडीच्या बॉक्सशी सिंक करा.’ बिग-आयपी म्हणजे एफ५ कंपनीचा, येणारी रहदारी अनेक सर्व्हरवर वाटून देणारा बॉक्स; व्हर्च्युअल सर्व्हर म्हणजे ती रहदारी ज्या पत्त्यावर येते तो, डिफॉल्ट म्हणजे कारखान्यातून आलेली कोरी मांडणी, आणि सिंक म्हणजे जोडीतल्या एका बॉक्सचं कॉन्फिगरेशन दुसऱ्यावर नेणं. २०२७ च्या सिंहस्थाआधी अनेकांची अपग्रेडची कामं निघतील, म्हणून हे लिहितोय.

मुळात पुसलं हेच चूक. नवी आवृत्ती वेगळ्या व्हॉल्यूमवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर बसते. तुम्ही एचडी१.१ वर चालत असाल तर ती एचडी१.२ वर जाते. जुनं जसंच्या तसं राहतं, तिथे परत बूट करता येतं. एरवी इन्स्टॉल करतानाच कॉन्फिगरेशनची प्रत नव्या व्हॉल्यूमवर जाते. इन्स्टॉल सोमवारी केलं, रीबूट पुढच्या शनिवारी, तर मधल्या आठवड्यातले बदल जुन्याच व्हॉल्यूमवर राहतात. बूट करताना ‘इन्स्टॉल कॉन्फिगरेशन’ला होय म्हणा, किंवा सीपीसीएफजी (cpcfg) कमांडने ताज्या कॉन्फिगरेशनची प्रत नव्या व्हॉल्यूमवर न्या.

डिफॉल्ट लोड करण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. सातपूरच्या एका कारखान्यातल्या मुलाने रात्री एक वाजता फोन केला, ‘दादा, सगळं गेलं, डिफॉल्ट मारू का?’ म्हटलं, हात लावू नकोस, आधी एलटीएम लॉग (बॉक्स आपल्या चुका जिथे नोंदवतो ती फाइल) वाच. लायसन्सची सर्व्हिस चेक डेट, म्हणजे सपोर्ट करार शेवटचा तपासल्याची त्यावरची तारीख, नव्या आवृत्तीला लागणाऱ्या तारखेपेक्षा जुनी होती. अशा वेळी कॉन्फिगरेशनची फाइल जागेवर असते, फक्त लोड होत नाही. सपोर्ट करार चालू होता, त्यामुळे लायसन्स पुन्हा ॲक्टिव्हेट करताच पूल (मागच्या सर्व्हरचे गट), व्हर्च्युअल सर्व्हर सगळे परत आले. त्याने डिफॉल्ट लोड करून सेव्ह केलं असतं तर नव्या व्हॉल्यूमवरची ती फाइल खरोखरच गेली असती. लायसन्स ठीक असेल तर ‘लोड सिस कॉन्फिग व्हेरिफाय’ ही फाइल नुसती तपासणारी कमांड चालवा; नव्या आवृत्तीला न पटणारी ओळ बहुधा तिथेच सापडते.

सिंकचं म्हणाल, तर दोन्ही बॉक्स वेगळ्या आवृत्तीवर असताना ते करायचंच नसतं. शिवाय दिशा चुकली तर रिकामं कॉन्फिगरेशन चालत्या बॉक्सवर जातं आणि सेवा बंद पडते. व्हीएलॅन (नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) आणि बॉक्सचे स्वतःचे सेल्फ आयपी (त्या भागांतले त्याचे पत्ते) तर सिंकने येतच नाहीत.

अपग्रेडआधी लायसन्स नवं करा, कॉन्फिगरेशन सेव्ह करा, यूसीएस बॅकअप (सगळ्या कॉन्फिगरेशनची एकत्र फाइल) काढा, आणि तो त्याच बॉक्सवर न ठेवता दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्या.