भिंत बोली राहिनी

तापीकाठच्या आमच्या गावातल्या वाचनालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. तिच्या खिळ्याला कुणीतरी मोबाईलचा चार्जर अडकवून ठेवलाय.

पाटीखाली आप्पा बसतात. आप्पांची केळी आहे. समोर पेपर उघडा आणि कानाला फोन. “हां, बोल भो! बऱ्हानपूरना भाव काय निंघना? नही रे, काही काम नही, वाचनालयमा शे!” भाव पडला की आप्पांचा आवाज चढतो, आणि या वर्षी भाव सारखा पडतोय. पलीकडे स्पर्धा परीक्षेची पोरं कानात बोळे घालून बसतात. मला बोळे चालत नाहीत, चष्म्याची काडी हलते.

महिनाभर सहन केलं. मग कुठून तरी कळलं की जॅमर नावाचा डबा मिळतो. चालू केला की आसपासचे सगळे फोन गप्प. कपाटावर बहिणाबाईंच्या तसबिरीमागे ठेवला तर दिसणारही नाही, इथपर्यंत माझं ठरलं होतं. तरी घेण्याआधी जळगावला वकिली करणाऱ्या भाच्याला विचारलं.

“मामा, हातसुद्धा लावू नका,” तो म्हणाला. “विनापरवाना बिनतारी यंत्र जवळ बाळगणं १९३३ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. जुलै २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने परत बजावलंय, खाजगी माणसाला जॅमर घेताही येत नाही, वापरताही येत नाही. विकणाराही त्यात आला.”

“अरे, पण तुरुंगात लावतात ना?”

“तिथे सरकारी परवानगी असते. परीक्षा केंद्रावर लावायचा तरी दिल्लीहून, कॅबिनेट सचिवालयाकडून मंजुरी लागते.”

कॅबिनेट सचिवालयाला आप्पांबद्दल काय आणि कसं लिहायचं, याचा मजकूर मी मनात जुळवू लागलो. तेवढ्यात त्याने डब्याचं मर्म सांगितलं. टॉवर ज्या लहरींवर बोलतो त्याच लहरींवर हा डबा नुसता गोंगाट सोडतो. म्हणजे आप्पांना गप्प करायला त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडणारं यंत्र! आणि तो गोंगाट वाचनालयाच्या भिंतीपाशी थांबत नाही. शेजारी दवाखाना. कुणाच्या छातीत कळ आली आणि ११२ लागलाच नाही, तर? फ्रान्सने २००४ मध्ये सिनेमागृहांना जॅमरची मुभा दिली होती, तीही आणीबाणीचे फोन लागलेच पाहिजेत या अटीवर.

“बरं, माझ्या घरात रेंज येत नाही, तिथे बूस्टर बसवू?”

“तोही विनापरवाना बेकायदा.”

म्हणजे रेंज घालवायची नाही, आणायचीही नाही. जशी येईल तशी सोसायची.

पण या ‘घरात रेंज येत नाही’वरूनच डोक्यात उजेड पडला. आमचं घर धाब्याचं. हातभर रुंद मातीच्या भिंती, वर लाकूड आणि मातीचा थर. फोन आला की अख्खं घर जिना चढून धाब्यावर पळतं. वाचनालयाची मागची खोली अशीच जुनी, त्यात चारी बाजूंनी लोखंडी कपाटं आणि जुन्या मासिकांचे गठ्ठे. जाऊन पाहिलं. एक काडी रेंज नाही! भिंतीला परवाना लागत नाही, असं भाच्यानेही कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत जाऊन बसलो. वाळवीचा वास, वर एक झरोका, आणि शांतता. तीन वर्षांपूर्वीचा दिवाळी अंक निम्मा झाला असेल, तेव्हा बाहेरून कडी वाजली. शिपाई जेवायला निघाला होता. मी हाका मारल्या, पण हातभर भिंतीतून फोनच्या लहरी जात नाहीत, तिथे माझी हाक कुठली जायला? फोन काढला. बायको लागेना, भाचा लागेना. ११२ फिरवला. तोही नाही.

पाऊण तासाने झरोक्याखाली ओळखीचा आवाज आला. आप्पा! आत पोरांनी हटकलं म्हणून मागच्या बोळात बोलायला आले होते. मी कपाटावर चढून झरोक्याला तोंड लावलं आणि जीव खाऊन ओरडलो.

बाहेर क्षणभर सामसूम झाली.

“थांब भो,” आप्पा फोनमध्ये म्हणाले, “आठे भिंत बोली राहिनी. तू पहिले भाव सांग.”