१ ऑगस्टच्या दिनविशेषावरील आक्षेपांना उत्तर

नमस्कार.

१ ऑगस्टच्या दिनविशेषावर मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर आक्षेप नोंदवले आहेत, त्याबद्दल प्रथम आभार. लोकमान्य टिळकांचे निधन आणि अण्णाभाऊ साठे यांचा जन्म हे दोन्ही १ ऑगस्ट १९२० या एकाच दिवशी झाले, हा निव्वळ योगायोग असून त्यावर लेख उभारणे म्हणजे तारखांचा खेळ आहे, असे आपले म्हणणे आहे. दोघांना एकत्र आणल्याने अण्णाभाऊ झाकोळले जातात, अशी आपली तक्रार आहे. शिवाय, वेस्ट इंडीजमधील गुलामगिरीच्या अंताची नोंद त्याच लेखात कशासाठी, असेही आपण विचारले आहे.

योगायोगाबद्दल आपल्यात मतभेद नाही. टिळकांनी मुंबईत सरदारगृहात देह ठेवला तो ३१ जुलैची मध्यरात्र उलटून गेल्यावर. हीच घटना तासभर आधी घडती तर पुण्यतिथीची तारीखच वेगळी झाली असती. पंचांगाप्रमाणे सूर्योदयापासून दिवस धरला, तर ती वेळ आदल्या दिवसातच मोडते. इतक्या नाजूक धाग्यावर लटकलेल्या तारखेतून नियतीचा संकेत काढावा, असे मला कधीच वाटले नाही.

मात्र त्या दिवसातले सगळेच काही योगायोगाचे नव्हते. असहकाराचा आरंभ १ ऑगस्टला करायचा हे आधीच जाहीर झालेले होते, आणि त्याच तारखेच्या पत्राने गांधीजींनी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना आपले कैसर-ए-हिंद पदक व आफ्रिकेतील युद्धसेवेची पदके परत केली. टिळकांच्या निधनाने मशाल गांधीजींच्या हाती आली, असे चित्र पुष्कळदा रंगवले जाते. ते मला पटत नाही, कारण टिळकांनी प्रतियोगी सहकारितेचा, म्हणजे सरकार जसे वागेल तसे त्याला सहकार्य करण्याच्या धोरणाचा, पुरस्कार केला होता आणि असहकाराला काँग्रेसची मान्यता मिळाली ती त्यानंतर सप्टेंबरमध्ये, कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात. त्या दिवशी गिरगाव चौपाटीकडे निघालेल्या अंत्ययात्रेत गांधीजींनी खांदा दिला आणि लाखोंचा समुदाय लोटला, हे खरे. पण त्या समुदायाचा शोक टिळकांसाठी होता, आणि नेहमीची स्मशानभूमी सोडून चौपाटीच्या वाळूवर त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले, यातच त्या शोकाचे मोठेपण दिसते.

आता आपल्या मुख्य आक्षेपाकडे येतो. मुंबईत हे घडत होते, त्याच दिवशी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावी मांग कुटुंबात तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली या समाजातील अनेकांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागत असे आणि ही हजेरी पुढे अण्णाभाऊंच्या ‘फकिरा’ या कादंबरीत आली. दोन्ही ठिकाणे एका दृष्टिक्षेपात पाहिली की १९२० सालचा महाराष्ट्र अधिक खरा दिसतो, एवढेच माझे म्हणणे आहे. ‘स्वराज्य’ हा शब्द गिरगावात ज्या अर्थाने ऐकू येत होता, त्याच अर्थाने तो वाटेगावच्या मांगवाड्यात ऐकू येत असेल का, हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. मार्च १९१८ मध्ये मुंबईत भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत टिळकांनी अस्पृश्यतेविरुद्ध जोरकस भाषण केले, देवालाही ती मान्य असेल तर त्याला आपण देव मानणार नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. आणि स्वतःच्या आचरणात अस्पृश्यता न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रावर मात्र सही केली नाही. लेखात मी हे दोन्ही लिहिले आहे. एकाचा गौरव व्हावा म्हणून दुसऱ्याकडे डोळेझाक करायची असती, तर दोघांना एकत्र आणलेच नसते.

शिवाय हे एकत्र येणे मी घडवलेले नाही. दरवर्षी १ ऑगस्टला आपल्या शाळांमध्ये एकाच टेबलावर दोन्ही प्रतिमा ठेवून हार घातले जातात. अण्णाभाऊ झाकोळले जातात ही आपली तक्रार मला येथे लागू वाटते: टिळकांवर पाठ केलेली पाच-सहा भाषणे होतात आणि अण्णाभाऊंचा उल्लेख अनेकदा सूत्रसंचालकाच्या दोन वाक्यांत आटोपतो. फक्त त्यावरचा उपाय प्रतिमा वेगळ्या करणे हा नव्हे. ज्याने वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली, १९४४ मध्ये शाहीर अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लालबावटा कलापथक उभारले आणि ‘माझी मैना’ या छक्कडीतून (लोकगीताच्या एका प्रकारातून) संयुक्त महाराष्ट्राची तळमळ गावागावांत नेली, त्याच्यावरही मुलांना पाच-सहा भाषणे तयार करून द्यावीत.

राहिला गुलामगिरीचा मुद्दा. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १ ऑगस्ट १८३४ रोजी लागू झाला, म्हणून ती नोंद तेथे आहे. मॉरिशसमध्ये तो १ फेब्रुवारी १८३५ पासून अमलात आला. उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या जागी करारबद्ध हिंदी मजूर आणले गेले, आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेशोत्सव साजरा करतात. त्यामुळे ही नोंद मी काढणार नाही. उलट मॉरिशसचा हा तपशील तिथे जोडतो आहे, म्हणजे ती परकी वाटणार नाही.