पंधरा चाली पाठ, मग सोळावीला काय?

“ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या) पंधरा चाली घोटून घ्या, डाव तिथंच जिंकतो, एंडगेम (मोजकी मोहरी उरलेला शेवट) येतोच कुठे?” हा सल्ला बुद्धिबळातल्या नवख्या खेळाडूंना फार वाटला जातो.

आधी पाठांतराचा हिशेब. समोरच्याकडे दर चालीला तीनच बरी उत्तरं आहेत असं धरलं, तरी पाच चालींत २४३ फाटे फुटतात. घोटलेली ओळ पटावर यायला समोरच्यानंही तीच घोटलेली हवी.

‘पुस्तकाबाहेरची चाल म्हणजे चूक, लगेच शिक्षा द्या’ हे तर घातकच. दोघांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवल्यावर (१.ई४ ई५) पांढऱ्यानं वजीर थेट एच५ वर आणला. चाल कच्ची आहे खरी. पण त्याला हुसकायला तुम्ही काळ्याकडून दुसऱ्या चालीला जी६ वर प्यादं ढकललंत, तर वजीर शह देत ई५ चं प्यादं मारतो आणि पाठोपाठ एच८ चा हत्ती जातो. अनपेक्षित चाल आली की आधी पाहायचं: हिचा रोख कशावर आहे, आणि माझं काय बिनजोर (राखण नसलेलं) आहे? इथं ई५ चं प्यादं. म्हणून घोडा सी६. मग उंट सी४ वर आला की एफ७ वर मात दिसते. आता जी६ बरोबर, आणि वजीर एफ३ ला गेला तर घोडा एफ६. पाठ नसलं तरी हे सापडतं.

एंडगेम येत नाही, हे अर्धं खरं. नवख्यांचे पुष्कळ डाव आधीच संपतात, पण बहुधा फुकट दिलेल्या मोहऱ्यांमुळे. शिवाय मारामारी (मोहऱ्यांची अदलाबदल) करावी की टाळावी, हे मागे काय उरणार यावर ठरतं. पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७: चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो, पांढऱ्याची असेल तर बरोबरी.

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाचा चौदावा डाव. पांढऱ्याकडून खेळणाऱ्या, तेव्हाच्या जगज्जेत्या डिंग लिरेननं ५५व्या चालीला हत्ती एफ२ वर नेला. गुकेशनं हत्तींची मारामारी केली आणि उंट डी५ वर ठेवून उंटांचीही करायला लावली. उरले राजे आणि प्यादी, त्यात काळ्याचं, म्हणजे गुकेशचं, एक प्यादं जास्त. ५८व्या चालीनंतर डिंगनं डाव सोडला.

ओपनिंगच्या सात-आठ चाली, प्रत्येक कशासाठी हे समजून, पुरे. उरलेला वेळ आधी राजा-प्याद्याच्या एंडगेमला द्या, मग हत्तींच्या फिलिडोर स्थितीला (हत्ती आणि प्याद्याविरुद्ध नुसत्या हत्तीनं बरोबरी राखणं): बचाव करणाऱ्याचा राजा प्याद्याच्या वाटेत, हत्ती आपल्याकडून तिसऱ्या ओळीवर. प्यादं त्या ओळीवर आलं की हत्ती पार पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं, कारण आता समोरच्याच्या राजाला प्याद्यापुढे आडोसा नसतो. घाईनं आधीच हत्ती हलवला, तर समोरच्याचा राजा पुढे घुसून तो आडोसा मिळवतो.