तुरटीने जिलेटिन पक्के होते का?

कोल्हापुरात गम प्रिंट (डिंक आणि रंगाच्या थरांनी कागदावर छायाचित्र छापण्याची जुनी पद्धत) करणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरतो आहे: कागदाला आधी द्यायच्या जिलेटिनात किराणा दुकानातली तुरटी घाला, ते पक्के करणाऱ्या ग्लायॉक्झल या रसायनाची गरजच नाही. हे अर्धवट खरे आहे. तुरटीतले ॲल्युमिनियम जिलेटिनच्या आम्लगटांना धरते. पण ती पकड कच्ची, अल्कलीत सुटणारी. एकच थर छापायचा असेल तर चालून जाते. तीन-चार थरांच्या धुण्यात मात्र साइझिंग, म्हणजे कागदावरचा जिलेटिनचा लेप, सैल पडते आणि रंग कागदात शिरून डाग राहतात. ग्लायॉक्झल अमिनोगटांना जोडते, ते टिकते.

एक लिटर थंड पाण्यात ३० ग्रॅम जिलेटिन अर्धा तास फुगवा, ५० अंशांपर्यंत तापवून कागदाला द्या. पूर्ण वाळल्यावर, लिटरभर पाण्यात ४० टक्क्यांचे ग्लायॉक्झल २५ मिली आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालून कागद पाच मिनिटे बुडवा. नंतर थंड पाण्यात नीट धुवा. ही पायरी गाळली तर कागद पिवळा पडतो, आणि दोष उगाच ग्लायॉक्झलला दिला जातो. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद वाळायला फार वेळ लागतो, घाई नको.

वाळलेला कोपरा ५० अंशांच्या पाण्यात धरा. बोटाला बुळबुळीत लागला, तर जिलेटिन अजून कच्चे आहे.