चंद्रावरच्या प्लॉटचा सातबारा कोण देणार?

"येत्या १० वर्षांत चंद्रावर वस्ती होणार, आजच स्वस्तात एकर घ्या!" हा मेसेज महिनाभर फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो. परवा तो मामांकडून आला. सोबत प्रमाणपत्राचा नमुना: सोनेरी शिक्का, अक्षांश-रेखांश, आणि नावासाठी सोडलेली रिकामी ओळ. मामा नातवंडांच्या नावावर पाच एकर घ्यायला मुदत ठेव मोडायला निघाले होते. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजमधला सगळ्यात घातक दावा असा: "१९६७ चा अंतराळ करार फक्त देशांना अडवतो, व्यक्तींना नाही." करार मुळात वाचा हो! कलम २ म्हणतं की चंद्रावर किंवा इतर कुठल्याही खगोलीय पिंडावर कोणताही देश मालकी सांगू शकत नाही. ना सार्वभौमत्वाचा दावा करून, ना वापरून, ना ताबा घेऊन, ना आणखी कुठल्या मार्गाने. भारतही या कराराला बांधील आहे. आता साधा विचार करा. गावच्या जमिनीचा सातबारा मिळतो, कारण तिथे सरकार आहे, तलाठी आहे, वाद झाला तर कोर्ट आहे. जिथे कुठल्याच देशाची सत्ता चालत नाही, तिथली जमीन तुमच्या नावावर करणार कोण? शिवाय कलम ६ नुसार खासगी कंपन्यांनी अंतराळात काहीही केलं तरी जबाबदारी त्यांच्या देशाची. म्हणजे 'व्यक्तींना मोकळीक' ही पळवाटही उरत नाही.

मेसेजमधला पुढचा दावा: "अमेरिकेने अंतराळात खासगी मालकी देणारा कायदा केलाय." केलाय, २०१५ मध्ये, हे मान्य. पण तो खणून काढलेल्या खनिजांपुरता, पाण्यापुरता. कुठल्याही खगोलीय पिंडावर आपण सार्वभौमत्व सांगत नाही, असं त्याच कायद्यात लिहिलंय. तेवढी ओळ मेसेजमध्ये बरोबर गाळली आहे.

चंद्रावर पाणी आहे, हेही खरं. ते शोधण्यात आपल्या चांद्रयान-१ चा मोठा वाटा आहे. पण पाण्याचा अंश सापडला म्हणजे नळ आला असं नाही.

राहिली वस्ती. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे दोघे चंद्रावर जेमतेम तीन दिवस राहिले, आणि तोच आजवरचा सर्वांत लांब मुक्काम. तिथली रात्र आपल्या सुमारे १४ दिवसांची. २०२३ मध्ये आपल्या चांद्रयान-३ चे विक्रम लँडर आणि प्रज्ञान रोव्हर त्या एका रात्रीनंतर पुन्हा जागे झाले नाहीत. माणूस परत जाईल, २०४० पर्यंत भारतीयही उतरावा हे आपलं उद्दिष्ट आहे, आणि मला ते मनापासून हवंय. पण तळ उभा राहिला म्हणून प्लॉट पडत नाहीत. अंटार्क्टिकावर आपल्या 'मैत्री' तळावर माणसं हिवाळाभर राहतात. तिथे कुणाच्या नावावर गुंठा तरी झाला का?

मामांना म्हटलं, विकणाऱ्याला एवढंच विचारा, खरेदीखत कुठल्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं? त्याने फोन ठेवला, नंतर उचललाच नाही. मुदत ठेव जागेवर आहे.