जरा रडू द्या की त्याला

सकाळपासून डोकं फिरलंय. भाच्याचा काल एमपीएससीचा निकाल लागला, दोन मार्कांनी मेन्स हुकली, चौथा अटेम्प्ट. पोरगं पुण्यात रूमवर एकटं, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर सहा वाजल्यापासून सूर्योदयाचे फोटो. 'जे होतं ते चांगल्यासाठीच.' 'बी पॉझिटिव्ह.' एका काकांनी तर 'अपयश ही यशाची पहिली पायरी' टाकलं. अहो काका, त्याची ही चौथी पायरी आहे, जिना कुठं जातोय ते तरी सांगा!

ह्या पॉझिटिव्हवाल्यांचा मला लई राग येतो कारण मी स्वतः तसलाच होतो.

ऑगस्ट 2019 चा महापूर सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलेलं. पाणी उतरल्यावर दुकानाचं शटर चौघांनी मिळून वर ढकललं तर आत वह्या फुगून रॅकमध्ये अशा घट्ट बसलेल्या की ओढून निघेनात, शेवटी पहारीनं काढल्या. विमा नव्हता (चूक माझीच). आणि मी काय केलं? हसलो. कोण भेटायला आलं की म्हणायचो, काय नाय हो, जीव वाचला ना, बास.

शेजारचे टेलरकाका मात्र पायरीवर बसून सगळ्यांसमोर हमसून हमसून रडायचे. रोज सकाळी, दहा-पंधरा मिनिटं. मग डोळे पुसून मशीन उपडं करायचे आणि रॉकेलच्या फडक्यानं एकेक पार्ट पुसत बसायचे. मला तेव्हा वाटायचं, काय हा माणूस, एवढा कमजोर.

दिवाळीत काका ब्लाउज शिवत होते आणि मी रात्री तीन वाजता छताकडं बघत पडलेलो. बायकोवर खेकसायचो, पोरीवर हात उचलला एकदा. अजून आठवलं की कसंतरी होतं.

बायकोनं ओढतच नेलं काउन्सिलरकडं. त्या बाईंनी अल्बर्ट एलिस म्हणून एका मानसशास्त्रज्ञाची पद्धत सांगितली, विवेकनिष्ठ म्हणतात तिला. दुकान बुडालं म्हणून वाईट वाटणं हे निरोगीच आहे, ते घालवायचं नसतंच. 'दुकान बुडालं म्हणजे मी बुडालो', हे जे आपण मनात घोकत बसतो ना, त्याच्याशी भांडायचं. मी वाईट वाटणंच दाबत होतो आणि घोकणं चालूच होतं. टेलरकाकांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

आता चांगला विचार करून काहीच होत नाही असं नाही, होतं थोडंफार, मान्य. आणि ग्रुपवाले मनानं वाईट नाहीत, त्यांना पण काय बोलावं कळत नसणार. मलाच कुठं कळलं होतं.

पण फॉरवर्ड करण्याऐवजी एक फोन करा की रे. आणि कुणाला घरी बोलायची सोयच नसेल तर टेलिमानस ही मन मोकळं करायची हेल्पलाइन आहे, 14416, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. भाच्याला पण नंबर दिलाय.

दुपारी त्याला फोन लावला. मी काही बोललो नाही, तो रडला, बराच वेळ. मला पण भरून आलं, काउंटरवर गिऱ्हाईक होतं तरी.

आत्ता मेसेज आला, मामा शनिवारी येऊ का. ये म्हटलं. वह्यांचा माल येतोय, उतरवायला माणूस पाहिजेच होता.