पायलटला पेशंटचं वय कशाला हवं?

डॉक्टरसाहेब, तुमची प्रतिक्रिया वाचली. खाली दोन ओळी टाकून भागणार नाही, म्हणून वेगळंच लिहायला बसलो.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: एअर ॲम्ब्युलन्सचं हेलिकॉप्टर उडवायला डॉक्टरकीची पदवी काही कामाची नाही, आणि निघायचं की नाही हे ठरेपर्यंत पायलटने पेशंटची चौकशी करू नये, असं मी लिहिलं होतं. त्यावर डॉक्टरसाहेबांचं म्हणणं असं की पेशंट कोण हे न विचारणारा पायलट म्हणजे मीटर टाकून बसलेला टॅक्सीवाला. डॉक्टरच पायलट झाला तर एका माणसात दोन कामं होतील. आणि मी स्वतः बी.ए.एम.एस. करून, १०८ वर नोकरी करून हेलिकॉप्टरकडे वळलो, मग दुसऱ्याला कशाला नाउमेद करतोय? त्यांचा भाचा इंटर्नशिप करतोय, त्याला हेच करायचंय, आणि माझा लेख वाचून तो हिरमुसला. खरा राग या शेवटच्या वाक्यात आहे असं मला वाटतं. पण बाकीचंही सोडण्यासारखं नाही.

टॅक्सीवाल्याचं आधी. पायलट काहीच विचारत नाही असं नसतं. पेशंटचं वजन किती, स्ट्रेचरवर आहे की बसून येईल, सोबत कितीजण, ऑक्सिजनचे सिलिंडर किती, संसर्गजन्य काही आहे का, माणूस शुद्धीत नसेल तर हातपाय झाडतोय का, हे सगळं विचारावंच लागतं. वजनावर इंधन ठरतं, आणि पाठीमागे कुणी बेभान होऊन लाथ मारली तर ती कुठे लागेल सांगता येत नाही. विचारायचं नाही ते एवढंच: लहान मूल आहे का, बाळंतीण आहे का, वाचेल का. या उत्तरांनी ढगांची उंची बदलत नाही. बदलतो तो त्या ढगांकडे बघणारा माणूस.

हे मी हेलिकॉप्टरमध्ये बसायच्या आधीच पाहिलं होतं. रायगडच्या बाजूला १०८ वर होतो तेव्हा विंचू चावलेलं एक पोर घेऊन घाटातून चाललो होतो. पोराला दरदरून घाम फुटलेला, हातपाय गार पडलेले, आई मांडीवर घेऊन बसलेली. आमचे ड्रायव्हरदादा म्हणजे शांत माणूस, कधी हॉर्नसुद्धा जास्त वाजवायचे नाहीत. पण मधल्या खिडकीतून त्यांना ते पोर दिसत होतं. प्रत्येक वळणाला गाडी जरा जास्तच कलायला लागली, माझ्या हातातली सलाईनची सुई लागेना. दोनदा ‘दादा, हळू’ म्हटलं. शेवटी खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि गाडी आपोआप हळू झाली. दादांना एका शब्दाने दोष देत नाही. तुम्ही-मी त्या सीटवर असतो तरी पाय तसाच दाबला असता.

अमेरिकेने हा धडा महागात शिकला. २००८ हे तिथल्या हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्सचं सर्वांत जीवघेणं वर्ष ठरलं. २००९ मध्ये अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने त्यावर सुनावणी घेतली आणि २०१४ मध्ये तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, एफएएने, नियम कडक केले: प्रत्येक उड्डाणाआधी जोखमीचा लेखी हिशेब, जमीन जवळ आली की ओरडणारं यंत्र, पायलटकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना नुसत्या यंत्रांवर उडवण्याची पात्रता. पायलटला पेशंटच्या माहितीपासून दूर ठेवायची रीत तिथे रुळली, आणि सोबत आणखी एक: जायला सगळ्यांचा होकार लागतो, न जायला एकाचा नकार पुरतो. मागे बसणारी नर्ससुद्धा ‘नको’ म्हणू शकते आणि तिला कारण विचारत नाहीत.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरला मरण रोज दिसतं, तो विचलित होणार नाही. तसं असतं तर बरं झालं असतं. अमेरिकेतल्या बोनान्झा नावाच्या छोट्या विमानाला पायलट लोक ‘डॉक्टर किलर’ म्हणतात, कारण पैसा आणि आत्मविश्वास दोन्ही भरपूर असलेले हौशी डॉक्टर ते घ्यायचे आणि नको त्या हवेत घुसायचे. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात याच विमानावर एक प्रयोग झाला. नुसत्या यंत्रांवर विमान सांभाळायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवायला लावलं. विमान हातातून जायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटंही नाहीत. आणि विमान निदान सोडलं तर थोडा वेळ सरळ जातं, हेलिकॉप्टर तेवढीही दया दाखवत नाही. तोल कळवणाऱ्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका आपण फर्स्ट इयरला पाठ केल्या, पण म्हणून ढगात त्या आपल्याला कमी फसवत नाहीत. आपण उजवीकडे कललोय असं शरीर शपथेवर सांगत असतं आणि समोरची तबकडी म्हणते, तू सरळ आहेस. तबकडीवर विश्वास ठेवायची सवय घोटून घोटून लावावी लागते.

मदतीला निघालेलं यंत्रही पडतं. २ सप्टेंबर २०२४ ला पोरबंदरजवळ तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर एका टँकरवरच्या जखमी माणसाला आणायला गेलं आणि समुद्रात कोसळलं, चौघांपैकी तिघे गेले. १७ मे २०२५ ला एम्स ऋषिकेशचं ‘संजीवनी’ हे ॲम्ब्युलन्स हेलिकॉप्टर केदारनाथला रुग्ण आणायला गेलं आणि उतरताना त्याची शेपूट तुटली. आतले सगळे वाचले. या दोन्हींत पायलट भावनेच्या भरात गेले असं मी सुचवतही नाही. हेतू चांगला असला म्हणून हवा आणि यंत्र सूट देत नाहीत, एवढंच.

आता एका माणसात दोन कामं. डॉक्टरसाहेब, हे प्रत्यक्षात कसं होईल ते डोळ्यांसमोर आणा. डावा हात कलेक्टिव्हवर (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा), उजवा सायक्लिकवर (ते हव्या त्या दिशेला झुकवणारा दांडा), दोन्ही पाय पेडलवर. इंजिनाने दगा दिला तर कलेक्टिव्ह खाली टाकायला सेकंद-दोन सेकंद मिळतात. अशा माणसाने मागे वळून नळी कुठे टाकायची? उतरल्यावरही पंखा फिरत असेल तर सीट सोडायची सोय नाही. पंखा थांबवून उतरलं तर मात्र पायलट हातभार लावतो. ब्रिटनचे राजपुत्र विल्यम २०१५ ते २०१७ ईस्ट अँग्लियन एअर ॲम्ब्युलन्सवर पायलट होते. डॉक्टरकीची पदवी नाही, त्याआधी हवाई दलाच्या शोध-बचाव हेलिकॉप्टरवर होते. बाप झाल्यावर लहान मुलांच्या केसेस किती जड जायला लागल्या ते त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. म्हणजे टॅक्सीवाल्याचं मन पायलटला आयतं मिळत नाही. काम होईपर्यंत ते बाजूला ठेवावं लागतं.

मी हल्ली जुहूवरून समुद्रातल्या तेलफलाटांवर माणसं नेतो-आणतो. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटर आत आहे. तिथून कधीकधी आजारी माणूस आणायचा निरोप येतो. मला माझ्या शिक्षणाची अडचण होते ती तिथेच. बाकीच्यांना ‘स्ट्रेचर एक, सोबत मेडिक, ऑक्सिजन चालू, जिभेखाली गोळी दिलीय’ ही नुसती यादी असते. मला त्यातून अख्खा पेशंट दिसतो: पन्नाशीचा, छातीवर हात धरलेला, ट्रोपोनिनचा (हार्ट ॲटॅक ओळखायच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट येईपर्यंत कुणी काही बोलत नसलेला. म्हणून आधी हवेचा कागद वाचायचा, कॅप्टनशी बोलून जायचं की नाही ठरवायचं आणि मग निरोप ऐकायचा, असा क्रम मी स्वतःला लावून घेतलाय. डॉक्टर नसलेल्या सहकाऱ्याला एवढी सर्कस करावी लागत नाही.

आपल्या व्यवसायातून येताना दोन सवयी दाराबाहेर काढून ठेवाव्या लागल्या. एक, जागरणाचा अभिमान. छत्तीस तासांची ड्यूटी काढली हे आपण छाती फुगवून सांगतो. इथे विश्रांतीचे तास कायद्याने बांधलेले, आणि झोप झाली नसेल तर ‘मी उडत नाही’ म्हणणं हे कामच. दुसरी, ‘हो सर’. ऑपरेशन थिएटरमध्ये ज्युनियरने सरांना अडवलं तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. कॉकपिटमध्ये कॅप्टन खाली जातोय आणि को-पायलट गप्प बसला, तर दोघांची चौकशी एकत्रच होते, बऱ्याचदा मरणोत्तर.

उपयोग होतो का? होतो, पण जिथे लोकांना वाटतं तिथे नाही. मागचा डॉक्टर ‘दोन मिनिटं द्या’ म्हणाला की ती किमान दहा असतात हे मला ठाऊक असतं, तेवढं इंधन मी धरतो. आवाजात स्टेथोस्कोपला काही ऐकू येत नाही, म्हणून तो छाती वर-खाली होतेय का बघत बसलाय, तेव्हा झटका देऊन वळायचं नाही हे कळतं. केदारनाथ साडेतीन हजार मीटरवर, ऋषिकेश साडेतीनशेवर. उंचीमुळे फुफ्फुसात पाणी झालेल्याला नुसतं खाली आणणं हाच अर्धा उपचार. उलट न्यूमोथोरॅक्सवाल्याला, म्हणजे फुफ्फुसाबाहेर छातीत हवा अडकलेल्याला, घेऊन डोंगर ओलांडायचा तर वर जाताना ती हवा फुगते, म्हणून डॉक्टर लांबचा पण खालचा रस्ता मागतो. मला त्याच्याशी वाद घालावा लागत नाही. या सोयी आहेत. यांच्या जोरावर नोकरी मिळत नाही.

नोकरी मिळते उड्डाणाच्या तासांवर, आणि भाच्याला हे आत्ताच कळलेलं बरं. हेलिकॉप्टरचा व्यावसायिक परवाना १५० तासांत मिळतो. पण युरोपात एअर ॲम्ब्युलन्सवर कॅप्टन म्हणून बसायला साधारण १००० तास कमांडचे, म्हणजे स्वतः मुख्य पायलट म्हणून उडवलेले, मागतात, त्यातले निदान ५०० हेलिकॉप्टरवरचे, शिवाय तशाच प्रकारच्या कामाचा वेगळा अनुभव. मधले तास कुठून आणायचे, ही खरी गोची आहे. आपल्याकडे त्या खुर्च्यांवर बहुतेक लष्कर, नौदल, हवाई दलातून निवृत्त झालेले लोक असतात, त्यांचे तास सरकारी खर्चाने झालेले. आपले आपल्या खिशातून. त्यात बारावीला बायोलॉजी घेऊन गणित सोडलेलं असलं की डीजीसीएच्या (आपल्याकडच्या विमान वाहतूक नियामकाच्या) अटीत बसायला गणिताचा पेपर वेगळा द्यावा लागतो. आमच्यातले बरेच एनआयओएस या मुक्त विद्यालयातून देतात. एमबीबीएस झालेला माणूस बारावीच्या मुलांबरोबर इंटिग्रेशन सोडवत बसलाय हे दृश्य गमतीचं असतं, पण त्यात लाज काही नाही.

आणि एक दार आहे ज्याबद्दल मागच्या लेखात जागेअभावी लिहिलं नव्हतं. जर्मनीत १९७० पासून ‘क्रिस्टोफ’ नावाची हेलिकॉप्टरं चालतात. पायलट, डॉक्टर आणि एक पॅरामेडिक. तो पॅरामेडिक जाताना पुढे पायलटशेजारी बसतो: विजेच्या तारा कुठे आहेत बघतो, रेडिओ सांभाळतो, चेकलिस्ट वाचतो. त्यासाठी त्याला उड्डाणाचं रीतसर प्रशिक्षण देतात. पेशंटजवळ पोचला की तो पुन्हा पॅरामेडिक. वैद्यकीय माणसाला कॉकपिटची गोडी लागते ती अशी, घर गहाण न टाकता. आपल्याकडे ही जागा अजून रुळलेली नाही, पण हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्सच्या सेवेत डॉक्टर म्हणून मागे बसता येतं. भाच्याने एकदा तसं काम करून बघावं. सहा महिन्यांनी त्याची नजर पेशंटवरून पुन्हा पुन्हा खिडकीकडे जात असेल, तर मग बोलू.

तोवर एक काम लगेच करा. त्याला डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल (पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी) करून घ्यायला सांगा, आणि पाठोपाठ क्लास वन. रंगांची ओळख नीट तपासून घ्या. एक रुपयाही फी भरायच्या आधी. रिपोर्ट आला की त्यालाच इथे लिहू दे, तुम्ही मध्ये पडू नका.